पोलिओ झालेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंवरचा लघुपट: पटकथा त्यांनीच नाकारली, आता कसे पुढे जावे?

येरळाकाठ:

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या पदवीच्या वर्गातील सहा विद्यार्थ्यांनी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पंधरा मिनिटांचा लघुपट करायचे ठरवले असून त्यांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मला चित्रपट पाहण्याची आवड आहे, पण तो करण्याचा अनुभव नाही, म्हणून येथे विचारते आहे.

विषय मुलांनीच निवडला. आमच्या बाजारपेठेत एक बाई ब्लाउज शिवण्याचे आणि फॉल-पिकोचे दुकान गेली बावीस वर्षे चालवतात. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या दोन्ही पायांत बळ नाही. एका पायाला कॅलिपर, म्हणजे आधार देणारी पट्ट्यांची चौकट आहे आणि त्या कुबड्यांवर चालतात. सगळे गाव त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही येथे तेच म्हणते. मुलांनी लिहिलेल्या पटकथेत काकूंना नवरा सोडून जातो, सासू टोचून बोलते, एक रात्र रडण्यात जाते, मग शिलाई मशीन येते, जिल्हा पातळीवरचा पुरस्कार मिळतो, सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते, आणि तोवर फक्त कमरेच्या वर दिसलेल्या नायिकेच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हळूहळू खाली येऊन कॅलिपरवर थांबतो. तो शेवट तेव्हा मलाही आवडला होता.

चित्रीकरणाची परवानगी मागायला आम्ही दुकानात गेलो तेव्हा काकूंनी पटकथा वाचून दाखवायला सांगितली. हातातले हुक लावण्याचे काम न थांबवता त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, “पोरांनो, माझं तर लग्नच झालेलं नाही. टाळ्या वाजवणारंही अजून कुणी भेटलं नाही. ही तुमची बाई कोण?” मुले गप्प झाली. थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, “आणि पाय शेवटी कशाला दाखवता? सकाळी उठते तेव्हापासून ते आहेतच की.”

त्यानंतर मी तीन-चार वेळा एकटीच जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि त्या दुकानात किती गोष्टी आहेत, ज्या आम्ही पाहिल्याच नव्हत्या, ते कळत गेले. त्यांच्या मशीनला मोटर बसवलेली आहे, पण पायाने दाबायचे बटण त्यांनी फळीवर उजव्या बाजूला स्क्रूने बसवून घेतले आहे आणि त्या ते कोपराने दाबतात. दोन्ही हात कापडावर, कोपर बटणावर. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक ब्लाउजची उजवी बाही कोपराशी झिजते आणि तिथे त्यांनी त्याच कापडाचा तुकडा आतून इतक्या सफाईने लावलेला असतो की सांगितल्याशिवाय दिसत नाही. दुकानाला दोन उंच पायऱ्या आहेत. त्या बसून, हातांवर भार देत चढतात आणि चढताना लोकांनी पाहिलेले त्यांना आवडत नाही, म्हणून बाजार उघडण्याच्या कितीतरी आधी, सकाळी सातलाच येतात. उतार करून द्यावा म्हणून गाळेमालकांना अनेकदा सांगून झाले आहे. तो अजून झालेला नाही.

काकूंनी परवानगी नाकारलेली नाही. “करा, पण मला विचारून करा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना स्वतः अभिनय करायचा नाही. आता मला असे विचारायचे आहे की त्यांची भूमिका अपंगत्व नसलेल्या विद्यार्थिनीने करावी का, पुरस्कार आणि टाळ्या काढून टाकल्यावर पंधरा मिनिटांत उरते ते काय, आणि मुलांनी आधी कोणते जुने लघुपट पाहावेत.

संकलनमेज:

मी पुण्यात गेली वीस वर्षे संकलक म्हणून काम करतो आणि विद्यार्थ्यांच्या लघुपट स्पर्धांचे परीक्षणही करत आलो आहे. तुमच्या मुलांनी लिहिलेला शेवट मी किमान पंचवीस-तीस लघुपटांत पाहिला असेल. कधी कॅमेरा खाली येऊन व्हीलचेअर दाखवतो, कधी मुलगी उठून पांढरी काठी उघडते, कधी हाक मारूनही न वळलेली स्त्री बहिरी असल्याचे शेवटच्या वाक्यात कळते. लघुपटाला कलाटणी हवी असे सगळ्यांनीच मनाशी पक्के करून घेतल्यामुळे नवे मूल सहज या वळणावर येते. त्यात होते असे की माणसाचे शरीर हेच कथेचे गुपित बनते, आणि आधीच्या चौदा मिनिटांत तिने जे काही केले, सोसले, कमावले ते सगळे त्या एका दृश्याची तयारी म्हणून वापरले जाते. काकूंचे “पाय आहेतच की” हे वाक्य मी माझ्या मेजासमोर लिहून ठेवले आहे. तुमच्या लघुपटात कुबड्या पहिल्याच मिनिटात भिंतीला टेकवलेल्या दिसू द्या, आणि मग त्यांच्याकडे मुद्दाम पाहू नका.

दुसरी बाब कॅमेऱ्याच्या उंचीची. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून बसलेल्या बाईकडे पाहिले की ती आपोआप बिचारी दिसते. त्यासाठी पार्श्वसंगीताचीही गरज लागत नाही. तुम्ही कॅमेरा काकूंच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि दिवसभर त्यांना जसे दिसते तसे दिसू द्या. गिऱ्हाइकाचे आधी हात दिसतील, पिशवी दिसेल, पिशवीतून निघालेले मापाचे जुने ब्लाउज दिसेल, आणि चेहरा दिसायचा असेल तर गिऱ्हाइकाला वाकावे लागेल. कोण वाकते आणि कोण उभ्यानेच बोलते, एवढ्यानेच गावातली माणसे कळतात.

जुन्या लघुपटांबद्दल विचारले आहे तर ‘युगांतर’ या गटापासून सुरुवात करा, असे मी आग्रहाने सांगेन. दीपा धनराज, आभा भैया, नवरोझ कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांनी १९८० मध्ये हा गट सुरू केला. त्यांचा १९८१ चा ‘मोलकरीण’ पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर आहे आणि १९८२ चा ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या बायकांवर. दोन्ही मराठी, दोन्ही साधारण पंचवीस मिनिटांचे. निपाणीत हा गट काही महिने त्या बायकांबरोबर होता. त्यांचे बोलणे ऐकत, त्यांच्याशी चर्चा करत कोणती दृश्ये घ्यायची ते ठरत गेले, आणि काही प्रसंग बायकांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. अपंगत्व हा त्या लघुपटांचा विषय नाही, पण ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांना विचारून तो करायचा म्हणजे रोजच्या कामात नेमके काय करायचे, हे त्यांतून जसे कळते तसे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नाही. पुढे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसोबत त्यांनी १९८३ मध्ये ‘इदी कथा मात्रमेना’ हा घरातल्या हिंसेवरचा तेलुगू लघुपट केला. तो कथापट आहे आणि तोही अशाच सामूहिक पद्धतीने झालेला आहे. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने या लघुपटांचे डिजिटल जतन केल्यामुळे ते आज चांगल्या प्रतीत पाहता येतात.

आपल्याकडे दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांची सुरुवातही लघुपटानेच झाली, हे मुलांना सांगा. समाजकार्य आणि संशोधन करता करता वस्तीतल्या बायकांच्या आयुष्याविषयी जे त्यांच्या हाती लागले, त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. नंतर सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी २००४ मध्ये ‘देवराई’ केला, ज्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाइतकेच त्याची काळजी घेणाऱ्या बहिणीचे आयुष्यही दिसते. अपंगत्व आणि स्त्री यांचा संबंध येतो तिथे सांभाळणारी बाई ही दुसरी बाजू असतेच, आणि ती बहुतेक लघुपटांत पाण्याचा पेला घेऊन येण्यापुरतीच दिसते. काकूंच्या घरी कोण आहे, त्यांना कोण सांभाळते, का उलट त्याच घर सांभाळतात, हे मुलांनी विचारले आहे का?

येरळाकाठ:

विचारले नव्हते. आज विचारले. काकू आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई अशा दोघीच राहतात, आईला आता कमी दिसते, स्वयंपाक, औषधे, बँकेची कामे हे सगळे काकूच पाहतात. पटकथेत आम्ही त्यांना सांभाळणारी माणसे शोधत होतो आणि घर तर त्यांच्याच कमाईवर चालते आहे.

रेडिओची सखी:

मी जन्मापासून अंध आहे, नाशिकला बँकेत नोकरी करते आणि हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकते आहे.

काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या एका कार्यक्रमात मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले होते आणि तिथे अंध स्त्रीवरचा एक लघुपट दाखवण्यात आला. त्यात सलग सात-आठ मिनिटे कोणीच बोलत नव्हते. व्हायोलिन वाजत होते, मागे कोणीतरी नाक ओढत होते, म्हणजे पडद्यावर काहीतरी दुःखाचे चालले असावे एवढे मला कळले. संपल्यावर संयोजकांनी माईक माझ्या हातात देऊन विचारले की तुम्हाला आपला लघुपट कसा वाटला. माझ्यासारखीवर केलेला लघुपट माझ्यासाठी केलेला नव्हता, हे त्या मंचावर मला बोलता आले नाही. आज लिहिते आहे. नंतर शेजारच्या मुलीने सांगितले की नायिका नायकाच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्याला ओळखते. माझ्या लग्नाला अकरा वर्षे झाली, मी नवऱ्याचा चेहरा कधी अशा रीतीने चाचपला नाही. तो जिन्यावर आला की दोन पायऱ्या एकदम चढतो, आणि तो आल्याचे मला तिथेच समजते.

माझ्या आयुष्यावर लघुपट करायचा झाला तर मी दाखवायला सांगेन की साखरेच्या डब्याला एक रबरबँड असते आणि मिठाच्या डब्याला दोन, आणि पाहुण्या आलेल्या नणंदबाईंनी डबे घासून रबरबँड काढून ठेवली की पुढचे दोन दिवस माझा स्वयंपाक कसा कोलमडतो. दूध वर येण्याच्या क्षणभर आधी पातेल्यातला आवाज बदलतो, जाड होतो, आणि त्या आवाजावर मी गॅस बंद करते. यात ना करुणा आहे, ना पराक्रम. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात दृश्य माध्यमांतील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत हेच म्हटले आहे की अपंग व्यक्तींची गैरसमजांवर आधारलेली टवाळी करू नये आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना अचाट शक्तीची माणसेही बनवू नये. आमच्याविना आमच्याविषयी काही ठरवू नका, हे तत्त्वही त्या निकालात आहे. तुमच्या काकूंनी तेच आपल्या भाषेत सांगितले.

एक विनंती आहे. लघुपटाला ऑडिओ डिस्क्रिप्शन जोडा, म्हणजे संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय दिसते त्याचे थोडक्यात वर्णन करणारा आवाज. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवरील आवृत्तीसाठी तशी सोय करण्यास सांगितले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांतील कथापटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्यांच्या लघुपटावर यातले काहीच बंधनकारक नाही, तरीही करा. वर्णन वाचणाऱ्या मुलीने ‘बिचारी’, ‘असहाय’, ‘धैर्याने’ असे शब्द वापरू नयेत. “काकू कोपर बटणावर ठेवतात” एवढे पुरे, पुढचे मी पाहून घेईन.

पायऱ्यांविषयीही एक सुचवते. काकूंना चढताना पाहिलेले आवडत नाही, तर ते दाखवू नका, ऐकवा. कुबड्या वर ठेवल्याचा आवाज, तळहात फरशीवर टेकल्याचा, कॅलिपरच्या पट्ट्यांचा, एका पायरीनंतर घेतलेल्या श्वासाचा. पडद्यावर तेवढा वेळ दुसरे काहीही असू द्या. माझ्यापर्यंत ते दृश्य तेव्हा सगळ्यांइतकेच पोहोचेल.

आणि ‘दिव्यांग’, ‘अपंग’, ‘विशेष’ यांपैकी कोणता शब्द श्रेयनामावलीत घालायचा, हे काकूंना विचारा. सरकारी कागदावर दिव्यांग आहे, मला स्वतःला तो जड वाटतो, माझ्या मैत्रिणीला तोच आवडतो.

जुना प्रेक्षक:

वरचे सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते.

१९९१ मध्ये ‘चौकट राजा’ प्रदर्शित झाला तेव्हा माझा मतिमंद चुलत भाऊ सव्वीस वर्षांचा होता. आमच्या एकत्र कुटुंबात पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवण्याची पद्धत होती आणि ती कोणालाच वावगी वाटत नव्हती. सगळे घर तो चित्रपट पाहून आले. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला नंदू पाहून माझी काकू रडली, आणि त्यानंतरच्या रविवारी पाहुण्यांसमोर तिने भावाला स्वतःच्या शेजारी पाटावर जेवायला बसवले. प्रभावळकरांना ते अपंगत्व नव्हते आणि चित्रपट पाहताना आम्ही रडलो. अश्रूंना इतके कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते. खेड्यापाड्यांतला प्रेक्षक पहिल्यांदा अशा माणसाकडे पाहतो तेव्हा करुणेच्याच दारातून आत येतो.

भूमिकेविषयीही तेच. प्रत्येक वेळी तेच अपंगत्व असलेली अभिनेत्री आणायची म्हटले तर तालुक्याच्या गावातील मुलांनी लघुपट करायचाच नाही का? अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाणे. तो अधिकार काढून घेतला तर नाटक-सिनेमा उरणार नाही. मुलीने चार आठवडे काकूंच्या सोबत राहून, कुबड्या घेऊन चालून, त्यांचे बोलणे आत्मसात करून भूमिका केली तर त्यात अनादर आहे, असे मला वाटत नाही. आणि पायऱ्या दिसायलाच हव्यात. ऐकून प्रेक्षकाला त्यांची उंची कळणार नाही.

हातांची भाषा:

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकोणीस वर्षे शिकवते आहे. जुना प्रेक्षक यांच्या काकूंनी भावाला पाटावर बसवले, हे वाचून मला भरून आले आणि ते मी कधीही कमी लेखणार नाही. फक्त त्यापुढच्या तीस वर्षांत आपण कुठवर आलो तेही पाहावे. २०१४ च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची भूमिका स्वतः गौरी गाडगीळ यांनी केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ते पाहून आमच्या शाळेतील एका पालकांनी मला विचारले होते की माझी मुलगीही काम करू शकेल का. आपल्या मुलीचे कोणी काम करावे आणि आपल्या मुलीनेच काम करावे, यांतला फरक त्या बाईंना पडद्यावर पाहिल्यावर उमगला.

विद्यार्थ्यांना ‘द सायलेंट चाइल्ड’ हा २०१७ चा वीस मिनिटांचा ब्रिटिश लघुपट अवश्य दाखवा. ऐकू येणाऱ्या, सुखवस्तू घरात जन्मलेली लिबी नावाची बहिरी मुलगी खुणांची भाषा शिकवायला आलेल्या बाईमुळे हळूहळू उलगडत जाते, आणि मग आईच ती शिकवणी थांबवते. त्यातली लिबी झालेली मेझी स्लाय स्वतः बहिरी आहे. २०१८ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले तेव्हा लेखिका आणि अभिनेत्री रेचल शेंटन यांनी आपले मनोगत बोलता बोलता खुणांच्या भाषेतही सांगितले. मला त्यातली आई महत्त्वाची वाटते. ती दुष्ट नाही. मुलीने चारचौघींसारखे बोलावे एवढेच तिला हवे आहे, आणि त्यातूनच ती मुलीची भाषा काढून घेते. अशा आया मी दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या दारात पाहते. ‘फीलिंग थ्रू’ हा अमेरिकन लघुपटही पाहा. त्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या माणसाची भूमिका तशाच असलेल्या रॉबर्ट टरँगो यांनी केली आहे आणि तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहून झालेले संभाषण त्यात आहे.

चित्रीकरणातली एक चूक मात्र सांगायला हवी, कारण ती सगळेच करतात. बहिरी स्त्री भावुक होऊन काही सांगू लागली की कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या जवळ जातो आणि हात चौकटीच्या बाहेर राहतात. म्हणजे नेमके ती बोलू लागल्यावर तिचे बोलणे कापले जाते. काकूंच्या बाबतीत कोपर म्हणजे तिचे बोलणे आहे असे समजा. चेहऱ्याच्या मोहात कोपर कापू नका.

तुमचा लघुपट मराठी असला तरी मराठी उपशीर्षके द्या, आणि त्यांत संवादांबरोबर आवाजही लिहा: मशीन सुरू होते, बाहेर एसटीचा हॉर्न, शटर वर जाते. पायऱ्यांचे दृश्य रेडिओची सखी म्हणतात तसे आवाजातून केलेत तर आमच्या मुलांसाठी ते आवाज अक्षरांत आलेच पाहिजेत.

वहिवाट:

मी वकील आहे, थोडक्यात लिहितो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांत सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या; महाराष्ट्रातील एकूण आकडा २९ लाखांच्या वर होता. लघुपटाच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर हे आकडे लिहिण्याचा मोह होईल, तो टाळा. काकू एकट्या पुरेशा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि सुगम्यता, म्हणजे अडथळ्याविना सगळीकडे ये-जा करता येणे, हा हक्काचा विषय केला, त्यामुळे उताराची मागणी ही मेहेरबानीची मागणी नाही, एवढे मुलांना माहीत असू द्या.

काकूंची लेखी संमती घ्या आणि ती मराठीत, त्यांना वाचून दाखवून घ्या. लघुपट स्पर्धेपुरता दाखवणार की यूट्यूबवर टाकणार, हे त्यात स्पष्ट असावे. एकट्या राहणाऱ्या दोन बायकांच्या घराचा रस्ता आणि दुकानाची पाटी जगभर दिसावी की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे. कच्चे संकलन त्यांना आधी दाखवा आणि नको असलेले दृश्य काढायला लावण्याचा अधिकार त्यांना द्या. चित्रीकरणाच्या दिवसाची त्यांची मजुरीही द्या. दुकानात सहा मुले आणि कॅमेरा असला तर त्या दिवशी गिऱ्हाईक येणार नाही.

येरळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून मी काकूंकडे नेले आणि मुलांनी ते वाचून दाखवले.

भूमिकेचा प्रश्न त्यांनीच सोडवला. “माझी सोंगं कुणी काढू नका, आणि मलाही रंगवू नका. मी काम करते, तुम्ही बघा,” असे त्या म्हणाल्या. त्यामुळे नाट्य पूर्णपणे सोडून आम्ही एका दिवसाचा माहितीपट करणार आहोत. जुना प्रेक्षक, तुमच्या काकूंची गोष्ट ऐकून आमच्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्यांना सांग, पाटावर बसवलं ते चांगलंच केलं. पण मी कमावते, मला पाट माझा मी मांडता येतो.”

पायऱ्यांवर सर्वांत जास्त बोलणे झाले. एका मुलाचे म्हणणे होते की उंची दिसल्याशिवाय अन्याय कळणार नाही. काकूंनी त्याला टेप देऊन पायऱ्या मोजायला पाठवले; एकेक पायरी अकरा इंचांची निघाली. शेवटी त्यांनी मान्य केलेले दृश्य असे आहे: सकाळी सातला कॅमेरा बंद शटरच्या आत, रिकाम्या अंधाऱ्या दुकानात, मशीनच्या फळीवर ठेवलेला असेल. शेजारचे चहावाले रोज शटर उचलून देतात, तसे ते देतील आणि स्टोव्हकडे परत जातील. उघड्या दारातून फक्त रस्त्यावरचा उजेड दिसेल. आवाज येतील. आधी दोन कुबड्या फरशीवरून आत सरकतील, मग हात दिसतील, आणि पुढचे दृश्य थेट काकू मशीनवर बसलेल्या असतानाचे असेल. कुबड्या आणि हात दिसायला त्यांची हरकत नाही. टेपने पायरी मोजणाऱ्या मुलाचा हात आम्ही भर दुपारच्या उजेडात वेगळा घेणार आहोत.

चित्रीकरण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठरले आहे, कारण तेव्हा काकूंना मान वर करायलाही वेळ नसतो आणि दुकान बायकांनी भरलेले असते. मजुरीविषयी त्यांच्याशी बोलले तर त्यांनी दिवसाला किती ब्लाउज होतात त्याचा हिशेब करून आकडा सांगितला. त्यात एक रुपयाही कमी करायचा नाही असे मुलांनी आपसात ठरवले आहे. शब्दाचे विचारले तेव्हा म्हणाल्या की श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे ‘शिवणकाम’ एवढेच लिहावे.

ऑडिओ डिस्क्रिप्शनचा मजकूर लिहून झाला की तो मी येथेच टाकते. रेडिओची सखी, त्यातील नको असलेले शब्द तुम्ही काढून द्यावेत.